नकुसा, लहानपणीच मयत

आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून मागच्या महिन्यात गावी गेले. कोरेगावला एसटी बदलली, पुढच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि वसना नदीचा पूल आला तसं सवयीनं नाक वर केलं. पूर्वी या पुलावर गुळाचा वास यायचा. आता डिझेलचा आला. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर वेगळं गाणं मोठ्यानं लागलेलं होतं. ऊस तोच, नदी तीच, वास तेवढा गेला. वास गेला म्हणून कुणी सुतक पाळत नाही. मीही पदर नाकाला लावला आणि गप्प बसले.

आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागायचं ते दिवाळीनंतर. मोठ्या काहिलीत रस उकळायला लागला की तो निवळायला रानभेंडीचा चीक घालायचे. मग वर हिरवट मळी यायची, ती काढली की खाली सोन्यासारखा रस. ओल्या चिपाडांचा धूर डोळ्यांत जायचा. आम्ही पोरं ताटल्या घेऊन बसायचो, कुणी गरम काकवी वाढेल म्हणून. पहाटेच्या थंडीत ती काकवी आणि कालची शिळी भाकरी. सांगलीत गेली चाळीस वर्षं मी बाजारातून गूळ आणते, चांगला पिवळाधमक असतो, पण जिभेवर ठेवला की कळतं, हा कुणाच्याही रानातला नाही.

तर सांगायची गोष्ट गुळाचीच आहे, पण जरा वेगळ्या गुळाची.

माझं जन्माचं नाव नकुसा. म्हणजे नको असलेली. सातारकडे या नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. सांगलीत मात्र एकदा कुणाला तरी कळलं, तेव्हा त्या बाईंनी दोनदा विचारलं आणि मग असं तोंड केलं की मीच काहीतरी गुन्हा केलाय. आमच्या घरी माझ्या आधी तीन मुली झाल्या. त्या तिघींची बारशी झाली, पाळणे सजले, घुगऱ्या वाटल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. चौथ्या खेपेला आत्या आली, तिनं पाळण्यात वाकूनसुद्धा बघितलं नाही म्हणतात. उंबऱ्यातूनच म्हणाली, "नकुसा म्हना हिला. देवाला कळंल तरी, आता पुरं म्हून." झालं माझं बारसं. घुगऱ्या नाहीत, काही नाही.

देवाला कळलं खरं. दोन वर्षांत हणमंता झाला.

पुढची आठवण माझी नाही, मी दोन वर्षांची होते. पण ती इतक्या जणींनी इतक्या वेळा सांगितली की आता मला ती पाठीला जाणवते. मुलीच्या पाठीवर मुलगा आला की तिच्या पाठीवर गूळ फोडायचा, अशी आमच्याकडे रीत. मला पाटावर पालथी धरली, पाठीवर कापड टाकलं आणि गुळाची ढेप माझ्या पाठीला टेकवून आजोबांनी तिच्यावर हलकेच मूठ मारली. तोच गूळ गावभर वाटला. मी रडले म्हणे. मग कुणीतरी माझ्याही तोंडात खडा घातला आणि मी गप्प झाले. आमच्या घरात मी गप्प बसायला शिकले ती अशी, तोंडात गूळ घेऊन.

त्यानंतर माझ्या पाठीला भाव आला. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाया आमच्या घरी यायच्या, आईशी इकडचं तिकडचं बोलायच्या आणि जाताजाता मला जवळ ओढून माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. काहीजणी खोबऱ्याचा तुकडा द्यायच्या. मला वाटायचं माझे लाड चाललेत. नाव नकोसं आणि पाठ हवीशी, हे कोडं मला पुढं पुष्कळ वर्षांनी उलगडलं. तोपर्यंत खोबरं खाऊन झालं होतं.

शाळेत आम्ही तिघी नकुसा होतो. गुरुजी हजेरी घेताना वरल्या आळीची, मळ्यातली आणि देवळामागची असं म्हणायचे. मी मळ्यातली. खेळताना कुणी "नकेऽऽ" अशी हाक दिली की तिघी एकदम वळायचो आणि तिघी एकदम हसायचो. नावाचं दुःख असतं हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. हाक आली की वळायचं, एवढंच नावाचं काम.

खरी हाक आईची. पावसाळ्यात घेवड्याच्या रानात ती बांधावर उभी राहायची, कमरेला पदर खोचलेला, पायाला चिखल, आणि ओढ्याच्या पलीकडे खेळणाऱ्या मला हाकारायची. 'न' वर जोर नसायचा, 'के' मात्र लांबत लांबत ओढा ओलांडून यायचा. त्या हाकेत नको असलेलं काही नव्हतं. तिच्या तोंडात ते नाव धुऊन निघालं होतं. घेवडा निवडताना तिच्या मांडीशी बसायचं, सुपातल्या वाघ्या घेवड्याच्या तांबूस ठिपक्यांवर बोट फिरवायचं, आणि ती बोलत राहायची, नके हे दे, नके ते घे. वाळल्या शेंगांचा तो कोरडा, मातकट वास अजूनही कुठं आला तर मी आधी उजवीकडे बघते. आई त्या बाजूला बसायची.

लग्न ठरलं ते सांगलीच्या घरात. शहरातली माणसं, नवरा कॉलेजात कारकून. माझं नाव ऐकून सासूबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीनं त्यात लिहिलं, सुनंदा. मी वाकून वाचलं. इतकं गोजिरं नाव, आणि माझं! खोटं कशाला बोलू, मला अतोनात आनंद झाला. त्या मांडवातच मी नकुसाला टाकून आले. वळूनही बघितलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत मी पुरती सुनंदा झाले. 'हाय' चं 'आहे' केलं, 'न्हाई' चं 'नाही' केलं. पहिल्या वर्षी शेजारणी "सातारकडच्या का?" म्हणून गालात हसायच्या. तिसऱ्या वर्षी त्या हसायच्या थांबल्या, आणि मला वाटलं मी जिंकले. मग एकदा हणमंता आला. तेव्हा तो फौजेत नवा भरती झाला होता, रजेवर आला की ट्रंकेसकट आधी माझ्याकडे यायचा. जिन्यातूनच ओरडला, "नके, हायस का घरात?" शेजारणी दारात उभ्या. मी त्याला आत ओढला आणि दार लावून म्हटलं, "पुन्हा या नावानं हाक मारलीस तर बघ. नकुसा मेली. इथं सुनंदा राहते." तो वरमला. केवढंसं तोंड झालं त्याचं. त्या दिवसापासून तो मला आक्का म्हणायला लागला.

आईला मात्र मी कधी अडवलं नाही. गावी फोन आले तेव्हापासून ती दर रविवारी फोनवर विचारायची, "नके, जेवलीस का?" मी दार लोटून हळू आवाजात म्हणायची, "व्हय, जेवले." एवढ्या दोन शब्दांपुरती मी मळ्यात जाऊन यायची. गेल्या वर्षी आई गेली. रविवार येतात, जातात. आता मला त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी राहिलं नाही, हे मला तिच्या दहाव्याला कळलं. ज्या नावाची आयुष्यभर लाज वाटली, ते नाव ऐकायला कान आसुसले. माणसाची जात मोठी लबाड.

श्राद्ध व्यवस्थित झालं. हणमंता सुभेदार होऊन निवृत्त झाला, घर स्लॅबचं झालं, गुऱ्हाळाच्या जागी जेसीबी उभा असतो. थोरल्या तिघी बहिणी आल्या होत्या. तिघींच्या अंगावर एकाच दुकानातल्या तीन साड्या. मला त्या साड्यांचा अर्थ कळला. आई गेल्यावर तिच्या नावावरच्या जमिनीवर वारसांची नावं लागायची होती, आणि आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडी नेसवतो. हक्क सोडला नाही तर माहेर तुटतं. महिन्यापूर्वी त्या तिघींना हणमंताचा फोन गेला होता, आधार कार्ड घेऊन या म्हणून. मला गेला नव्हता. मी मनाशी म्हटलं, माझ्याकडे मागायला लाजत असेल. मी आपणहून पिशवीत आधार टाकून नेलं होतं. पेनसुद्धा नेलं होतं. द्यायला निघालेल्या माणसाला एक तोरा असतो, तो माझ्या अंगात होता.

जेवणं उरकल्यावर हणमंताची बायको शालन भांडी विसळत होती, तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "शालन, मला कधी नेणार सही करायला?"

तिचे हात थांबले. "वन्सं, तुमची सई लागलीच न्हाई."

"असं कसं? चौघी आहोत ना आम्ही."

"तसं न्हवं..." ती तांब्याकडे बघत म्हणाली. "आता कसं सांगू? आमच्या इशालचं वय चौतीस झालं. पोरगी मिळंना झालीया. मिळंल तिथं पाव्हणं आदी सातबारा मागत्यात, आनि चार आत्यांची नावं येनार म्हटलं की उठून जात्यात. येत्या ऐतवारी एक ठिकाण येनार हाय, लय दिसांनी. म्हून घाई केली ह्यांनी."

मला हसू आलं आणि ते कडू लागलं. एके काळी या गावात शाळेच्या एका वर्गात तीन नकुसा होत्या. आता अख्ख्या गावात लग्नाला पोरगी मिळत नाही. पाठीवरून हात फिरवून मुलगे मागितले, ते सगळे आले, आणि आता पारावर बसून आहेत, मोबाइलमध्ये बघत.

"पण माझ्या सहीचं काय?" मी विचारलं.

शालन उठून आत गेली.

मी तशीच चावडीवर गेले. उत्तर तिथल्या फळ्यावर होतं. वारसांच्या नोंदीची नोटीस काचेआड लावलेली होती, हरकत घ्यायला अजून दोन दिवस होते. आईचं नाव वर. खाली मुलगा हणमंत. मग तीन मुली, लग्नानंतरच्या नावांसकट. मग पाचवी ओळ: नकुसा, मुलगी, लहानपणीच मयत, अविवाहित.

मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या मागून एकजण मोटारसायकलवरून गेला, कुत्रं भुंकलं, शाळा सुटल्याची घंटा झाली. सगळं होतं तसं चाललेलं. मेल्यावर असंच चालत असणार.

घरी आले तेव्हा हणमंता अंगणात खुर्चीवर बसला होता. मी समोर उभी राहिले.

"हणमंता, मी कधी मेले रे?"

तो दचकला नाही. वाटच बघत असावा. "आक्के, बस आदी. मामला समजून घे. त्या नावाचा तुझ्याकडं एक कागद न्हाई. आधार सुनंदा, बँक सुनंदा, रेशन सुनंदा. नकुसा ऊर्फ सुनंदा करायचं म्हंजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सहा म्हैनं जात्यात. वकील म्हनला, लहानपनी मयत लिवा, एका वळीत काम हुतंय."

"आणि तू लिहिलंस."

"तूच म्हनली व्हतीस ना, नकुसा मेली म्हून? म्या ध्यानात ठिवलं."

इतकी वर्षं त्यानं ते ध्यानात ठेवलं होतं. जिन्यातला तो वरमलेला पोरगा मला दिसला आणि क्षणभर माझीच मान खाली गेली. पण दुसऱ्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक, घासून घासून काढलेली बोली एका दमात तोंडात परत आली.

"आरं, मागितली असतीस तर उभ्या उभ्या दिली असती की सई! पेन घिऊन आलीया मी! जिमीन नकोय मला. पर देनारी जित्ती नको का? आदी जित्ती लिव मला, मग घे काय घ्यायचं ते."

"ऐतवारी पाव्हणं येनार हायती, आक्के. खोटं लिवून दिलं म्हून केस झाली माज्यावर, तर पोराचं झालंच मग लगीन." त्याचा आवाज खाली आला. "कागदावर मेलं म्हून काय मानूस मरतं का?"

"मग तू मर की कागदावर," मी म्हटलं.

त्यानं आत बघून शालनला हाक मारली. थोड्या वेळानं शालन आतून चौथी साडी घेऊन आली. तीच, त्याच दुकानातली. मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगते: मला भावाचा राग आला नाही, किळस आली. आणि त्याच्याहून जास्त माझी आली. मी साडी घेतली नाही. रात्रभर थोरल्या बहिणी समजावत राहिल्या, एवढ्याशासाठी माहेर तोडू नकोस म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. त्यांची नावं फळ्यावर जिवंत होती.

सकाळी मी चावडीत गेले. तलाठीबाई नव्या होत्या, पंचविशीच्या, कुठल्या लांबच्या जिल्ह्यातल्या. चेहरा शांत. मी म्हटलं, हरकत घ्यायची आहे.

"कुणाच्या वतीनं?"

"नकुसाच्या."

त्यांनी कागद काढून बघितला. "त्या मयत आहेत. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आधार मागितलं. मी दिलं. सुनंदा, सांगली. त्यांनी ते उलटंपालटं करून परत दिलं, आवाज मात्र मऊ ठेवला. "मावशी, यात तसं कुठंच नाही. शाळेचा दाखला?"

शाळेची जुनी रजिस्टरं नदीच्या पुरात गेली, हे गावाला ठाऊक आहे. माझा दाखला मी स्वतः फाडला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. हे मी बाईंना सांगितलं नाही.

"मग गावातलं ओळखणारं कुणी? दोन माणसं लागतील. एक रक्ताचं असलं तर अजून बरं."

मी आठवायला लागले. थोरल्या तिघींनी पहाटेच आपापल्या गावच्या गाड्या धरल्या होत्या, माहेर राखायला. वरल्या आळीची नकुसा बाळंतपणात गेली. देवळामागची पुण्याला लेकाकडे असते, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. गुरुजी कधीच गेले. पाठीवरून हात फिरवणाऱ्या त्या सगळ्या बाया गेल्या. बाकावर दोघं म्हातारे बसले होते, माझ्याच वयाचे. शाळेत माझ्या वेणीला त्यांनी गाठी मारल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. एकजण चप्पल चाचपत उठला. दुसरा म्हणाला, "सुभेदारास्नी इचारा, बाई. त्यांच्या घरातलं हाय ते." तोही उठला.

तलाठीबाईंनी हणमंताला बोलवायला शिपायाला पाठवलं. मी बाकावर बसून राहिले. खिडकीतून उसाचा फड दिसत होता, तुरे आलेला. मनात एवढंच होतं की तो येईल, माझ्याकडे बघेल, आणि त्याच्यानं खोटं बोलवणार नाही. केस-बिस काही करायची नाही, असं मी बाईंना सांगून ठेवलं होतं. एकदा म्हणाला असता की ही माझी नकुसा, तर हक्कसोडपत्र तिथल्या तिथं लिहून दिलं असतं. जमीन, घर, विहीर, सगळं. मला फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

हणमंता आला. इस्त्रीचा शर्ट, फौजेतली सरळ चाल. दारात थांबून त्यानं चपला काढल्या.

"सुभेदार," तलाठीबाई म्हणाल्या, "या मावशींना तुम्ही ओळखता का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. मग तो बाईंकडे वळला.

"वळखतो की," तो म्हणाला. "ह्या सांगलीच्या सुनंदाबाई. आमच्या पाव्हण्या हायती."

तलाठीबाईंनी तसं लिहून घेतलं.